गीझरची वही

10 डिसेंबर 2024, शाहूपुरी, सातारा

बिल आलं. 341 युनिट. मागच्या महिन्यात 262 होती. घरात नवीन काही आलेलं नाही, पाहुणे नाहीत, मोटर बिघडलेली नाही. आली ती फक्त थंडी. 300 च्या पुढच्या युनिटांना दर चढा लागतो, म्हणजे शेवटची 41 युनिटं सगळ्यात महागात पडली.

रात्री जेवताना चौकशी समिती बसली. ह्यांचा संशय फ्रिजवर, थोरल्याचा इस्त्रीवर, धाकटीचा थोरल्यावर. आई (माझ्या सासूबाई, वय 78) ताकाची वाटी तोंडाला लावता लावता म्हणाल्या, "वरचा तो लाल दिवा दिवसभर जळतो, त्याचं काय?" लाल दिवा म्हणजे माडीवरच्या न्हाणीघरातला गीझर. पहाटे पाचला बटण दाबलं जातं आणि रात्री दहाला कुणाला तरी आठवण झाली की बंद होतं.

मी शाळेत दहावीला उष्णता शिकवते. विशिष्ट उष्माधारकतेची गणितं फळ्यावर डोळे मिटून सोडवते. पण आपला गीझर रोज किती वीज खातो, हे मला सांगता येईना. उद्यापासून वही.

12 डिसेंबर

गीझर 25 लिटरचा, 2000 वॅटचा, 12 वर्षांचा. पोवई नाक्यावरून सब-मीटर आणला, भाडेकरूला लावतात तसला साधा. वायरमनने तो गीझरच्या लाइनवर बसवला. सॉकेट उघडल्यावर त्याने जीभ चावली. प्लगची एक पिन आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. 2000 वॅट म्हणजे 230 व्होल्टला जवळजवळ 9 अँपिअर, आणि एवढा करंट ढिल्या पिनेतून रोज तासन्‌तास जातोय. सॉकेट 16 अँपिअरचंच होतं, पण आतली पकड सैल झालेली. ते बदललं. विजेच्या बचतीशी याचा फारसा संबंध नाही, पण वही सुरू केली नसती तर हे कळलं कधी असतं?

मीटरवर बारीक दिवा आहे, तो 3200 वेळा लुकलुकला की 1 युनिट. धाकटीला हा खेळ आवडलाय.

शाळेच्या प्रयोगशाळेतून 110 अंशांचा थर्मामीटर सही करून घरी आणलाय.

15 डिसेंबर, रविवार

पहिलं मोजमाप, गीझर काहीच काम न करता किती खातो याचं. सगळ्यांच्या आंघोळी लवकर उरकून घेतल्या, टाकी पूर्ण तापू दिली, गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि बटण चालू ठेवलं. सकाळी 9 ते दुसऱ्या दिवशी पहाटे 5, म्हणजे 20 तास. एक थेंब वापरला नाही आणि मीटर बरोबर 1 युनिट पुढे गेला. म्हणजे 24 तासांना 1.2. टाकीतलं पाणी 60 च्या वर, बाहेरची हवा 20 च्या आसपास. पत्र्यातून आणि जुन्या अस्तरातून ऊब पाझरते, थर्मोस्टॅट अधूनमधून टक्‌ करून ती भरून काढतो. नव्या गीझरवर जे तारे छापलेले असतात ते या पाझरण्याचेच. तपासणीत पाणी हवेपेक्षा 45 अंश गरम ठेवून 24 तासांत किती युनिटं जातात ते बघतात.

मला वाटलं होतं, चोर सापडला. पण 1.2 ने 341 होत नाहीत.

22 डिसेंबर

आठवडाभर घरात कुणालाही काही न बदलायला सांगितलं. रोजचा सरासरी खप 6.2 युनिट. महिन्याला 186. घरातली निम्म्याहून जास्त वीज एका टाकीत.

आता हिशेब. 1 युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी, आणि 1 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला 1 किलोकॅलरी. एवढं डोक्यात ठेवलं की बाकी बेरीज-वजाबाकी. गच्चीवरच्या टाकीचं पाणी पहाटे 17 अंश. आपल्याला आंघोळीला लागतं 41 च्या आसपास (आईंना 43, पण त्या कबूल करत नाहीत). बादलीत 18 लिटर. 18 गुणिले 24, भागिले 860. अर्धं युनिट. एका बादलीला अर्धं युनिट, यात कुठलीही कंपनी, कितीही तारे, काही कमी करू शकत नाही. पाणी तेवढी उष्णता मागतंच.

बादलीवाले आम्ही चौघं, म्हणजे 2 युनिटं. टाकीचा पाझर 1.1 धरला. मग उरलेली 3 युनिटं कुठे जातात?

आईंना विचारलं, पूर्वी सहा माणसांच्या आंघोळींना किती लाकूड लागायचं. त्यांनी मला दीर्घ उत्तर दिलं, ज्यात त्यांचं माहेर, माझे सासरे आणि 1967 चा भूकंप आला, लाकूड आलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "शेवटच्या माणसासाठी बंबात लाकूड घालायचं नसतं. निखाऱ्यावर होतं त्याचं." मी मान डोलावली आणि मीटरकडे बघायला गेले.

25 डिसेंबर

सुट्टी. तीन युनिटांपैकी एक भाग सापडला, आणि तो न्हाणीघरात नाहीच.

गीझर माडीवर. त्याचा पाऊण इंची जीआय (म्हणजे लोखंडी) पाईप भिंतीवरून खाली येतो, मागच्या बाजूने आईंच्या मोरीत जातो आणि पुढे स्वयंपाकघराच्या सिंकला. टेपने मोजला, 11 मीटर. आई रोज गरम नळ सोडून गार पाणी आधी वेगळ्या बादलीत काढतात, ते मी कित्येक वर्षं बघतेय आणि कधी विचार केला नाही. आज लोट्याने मोजलं. हाताला गरम लागेपर्यंत 6 लिटर.

गंमत अशी की या पाईपमध्ये पाणी मावतं 4 लिटर. मीटरभर पाईपमध्ये साधारण 370 मिलिलिटर. मग जादा 2 लिटर कशाला? लोखंडाला! मीटरला दीड किलो धरला तरी हा 17 किलोचा पाईप, गार पडलेला, आधी स्वतः तापतो आणि मग पुढच्याला गरम पाणी देतो. आणि काम झालं, नळ बंद केला, की पाईपमधलं गरम पाणी नि गरम लोखंड भिंतीवर गार होत बसतं. दर वेळी पाव युनिट. खालच्या मजल्यावर गरम नळ दिवसातून पाच वेळा उघडतो: आईंची आंघोळ साडेपाचला, ह्यांची साडेआठला, तीनदा सिंक. सव्वा युनिट रोज, भिंत तापवायला.

सिंकवर दर वेळी हात धुऊन होतात तोपर्यंत गरम पाणी आलेलंही नसतं. म्हणजे आपण गार पाण्यानेच हात धुतो, फक्त गरमचे पैसे देऊन.

29 डिसेंबर

दुसरा भाग. थोरला बारावीला आहे, त्यामुळे त्याला काही बोलायचं नाही असा घरात अलिखित ठराव आहे. तरीपण शॉवरखाली बादली ठेवून मोजलं. मिनिटाला 7 लिटर. आंघोळ 8 मिनिटं. 56 लिटर. दीड युनिटाहून थोडं जास्त. तीन बादल्या! तो बाहेर येतो तो आंघोळ झाली म्हणून नाही, टाकी रिकामी झाली म्हणून.

सगळं मांडलं: बादल्या 2, शॉवर 1.56, पाईप 1.25, टाकीचा पाझर 1.1, सिंकवर खरंच वापरलेलं पाणी 0.3. बेरीज 6.21. मीटर म्हणतो 6.2. इतकं जुळलं की मलाच संशय आला, म्हणून पुन्हा दोन दिवस मोजलं. 6.1 आणि 6.4. ठीक.

2 जानेवारी 2025

टाकीचा पाझर कमी करायचा म्हणून गीझरला गोधडी गुंडाळली. जुनी, चांगली जाड, तीन पदरी. सुतळीने बांधली. धाकटी म्हणाली आजारी माणसासारखा दिसतोय. 24 तासांचा पाझर 1.2 वरून 0.9 वर आला. मी शाळेत सहकाऱ्यांना सांगून मोकळी झाले.

4 जानेवारी

पहाटे 5:20 ला घरभर अंधार. ईएलसीबी (करंट झिरपला की वीज तोडणारा खटका) पडला होता. वर केला, पुन्हा पडला. गीझरचं बटण बंद केल्यावर टिकला.

गोधडी खालून ओलीचिंब. झालं असं: पाणी तापलं की फुगतं. 17 चं 60 अंश झालं की 25 लिटरमागे जवळजवळ 400 मिलिलिटर जागा जास्त मागतं. आमच्याकडच्या व्हॉल्व्हमधून पाणी उलटं मागे जात नाही, म्हणून ते सुरक्षा व्हॉल्व्हच्या तोंडाने टपटप गळतं. एरवी ते खाली फरशीवर पडतं, कुणाला दिसत नाही. मी त्या तोंडावर गोधडी बांधली होती. गोधडीने ते शोषलं, खाली वायर आत जाते तिथपर्यंत नेलं, आणि ओल लागल्यावर करंट झिरपला. ईएलसीबीने आपलं काम केलं. घरात तो नसता तर पुढचं लिहायला नको.

गोधडी काढली. पाझर गेला तर जाऊ दे. गीझरवर कपडा, थर्माकोल, काहीही बांधू नये. वायरचं तोंड, थर्मोस्टॅटचं झाकण आणि व्हॉल्व्ह उघडे राहायला हवेत. हे मला अक्कल विकत घेऊन कळलंय. आई मात्र गोधडीबद्दल हळहळल्या. ती त्यांच्या सासूबाईंच्या लुगड्यांची होती.

7 जानेवारी

गीझर उघडलाच आहे तर सर्व्हिसिंग करून घेतलं. मेकॅनिकने एलिमेंट (पाणी तापवणारी नळी) बाहेर काढला आणि मी बघतच राहिले. काळ्या नळीवर पांढऱ्या-पिवळ्या क्षाराचा थर, नखाने ठोकला तर चुन्याच्या पापुद्र्यासारखा तुटणारा. काही ठिकाणी करंगळीच्या निम्म्या जाडीचा. टाकीच्या तळातून वाटीभर खडे निघाले. उन्हाळ्यात आमच्याकडे बोअरचं पाणी चढतं, त्यातला चुना तापल्यावर पाण्यात राहत नाही, बाहेर पडून बसतो. शेजारी मॅग्नेशियमची सळई असते, टाकीच्या पत्र्याऐवजी स्वतः गंजून टाकी वाचवते. तिची जाडी सुतळीएवढी उरली होती. ती बदलली.

मेकॅनिक छातीठोकपणे म्हणाला, "बाई, आता बिल निम्मं येणार बघा."

येणार नाही. मी वेळ लावला होता. सर्व्हिसिंगच्या आधी 17 पासून 60 अंशांपर्यंत 41 मिनिटं, नंतरही 41 मिनिटं. मीटरवर 1.28 आणि 1.27 युनिट. आणि ते तसंच असायला हवं. एलिमेंट पाण्यात बुडालेला आहे, त्याची उष्णता जाणार कुठे? क्षारातून जाईल, उशिराने जाईल, पण पाण्यातच जाईल. क्षाराचा तोटा वेगळा. आतली तार गरजेपेक्षा जास्त तापते आणि एक दिवस एलिमेंट फुटतो. म्हणजे सर्व्हिसिंग गीझरच्या आयुष्यासाठी करावं, बिलासाठी नाही. मेकॅनिकला हे सांगितलं नाही. त्याने काम चोख केलं होतं.

(2000 वॅटला 41 मिनिटं जास्त वाटतात, पण पहाटे आमच्याकडे व्होल्टेज 222 असतं. 222 ला हाच गीझर 1860 वॅटचा होतो.)

11 जानेवारी

काल रात्री 10 ला टाकी पूर्ण तापवून, 62 अंशांवर, बटण बंद. पहाटे 5 ला तळाशी असलेल्या नळाने थोडं काढून, मग गरम नळाने काढून बघितलं. 52! सात तासांत फक्त 10 अंश उतरलं. थर्मासच म्हणा की.

याचा अर्थ लावायला मला दोन कप चहा लागला. रात्रभर चालू ठेवला असता तर 0.35 युनिट गेलं असतं. रात्री बंद केला आणि पहाटे ते 10 अंश पुन्हा तापवले तर 0.29. फरक 0.06. म्हणजे गीझर "वेळच्या वेळी बंद करा" हा जो सल्ला सगळे देतात, तो टाकी गरम पाण्याने भरलेली असताना जवळपास फुकट आहे. बटण बंद झालं तरी आतलं गरम पाणी पाझरतच राहतं. मग मी इतकी वर्षं रात्री उठून बटण बंद करायला जात होते ते कशासाठी?

काहीतरी निसटतंय, पण काय ते कळेना.

13 जानेवारी, भोगी

आज सुगावा लागला, आणि तो बंबात होता.

भोगीची आंघोळ, तीळ लावून. आईंनी हट्टाने माळ्यावरून बंब काढायला लावला. तांब्याचा, मधे धुराड्याची नळी, भोवती पाणी, खाली जाळी. चिंचेने घासून लखलखीत केला. परसात पेटवला, करवंट्या आणि वाळलेल्या फांद्या. धूर माझ्या डोळ्यांत, कौतुक आईंच्या.

बंबाला तोटी असते, पण वरून जितकं गार ओतावं तितकंच गरम तोंडातून बाहेर येतं, टाकी भरलेलीच राहते. गीझरही हेच करतो. गार पाणी तळाशी शिरतं आणि वरचं गरम पाणी बाहेर ढकलतं. गरम हलकं म्हणून वर राहतं, दोन्ही चटकन मिसळत नाहीत. म्हणून शेवटपर्यंत गरम येतं आणि मग एकदम गार.

चौघांच्या आंघोळी झाल्या. माझी शेवटची. मी सवयीने दोन करवंट्या आत सारायला गेले, तर आईंनी हात धरला. "आता नको. तुझ्यापुरता निखारा आहे. आता घातलंस तर तुझी आंघोळ झाल्यावर बंबभर कढत पाणी राहील, ते कुणाला?"

मी तिथेच, ओल्या डोक्याने, उभी राहिले.

आमचा गीझर रोज तेच करतो. शेवटची आंघोळ होते, टाकीत गार पाणी शिरतं, बटण चालू असतं, आणि गीझर इमानदारीत पुन्हा 25 लिटर 60 अंशांवर नेऊन ठेवतो. सव्वा युनिट. ते कुणाला? कुणालाच नाही. मग लगेच बटण बंद केलं तरी दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत ते 38 पर्यंत उतरतं, म्हणजे त्यातलं 0.64 युनिट हवेत गेलेलं असतं. बटण बंद करायची वेळ आंघोळींनंतरची नाही. शेवटच्या आंघोळीच्या आधीची!

पूर्ण तापलेल्या टाकीत 43 अंशांचं भांडवल असतं, 25 गुणिले 43, 1075 किलोकॅलरी. एका बादलीला लागतात 432. म्हणजे दोन आंघोळी आरामात, आणि थोडं शिल्लक. शेवटच्या दोन आंघोळींआधी बटण बंद.

22 डिसेंबरच्या पानावर आईंचं वाक्य माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. खाली रेघ मारून ठेवली.

लाकडाचा हिशेबही करणार होते, आईंनी करू दिला नाही. सणाच्या दिवशी नको म्हणाल्या.

16 जानेवारी

वेळापत्रक. गीझर 4:55 ला चालू. 5:40 ला आई, खाली. त्यांच्या मागोमाग, पाईप गरम असतानाच, हे. (आईंचीच पहिली, देवपूजेसाठी. त्यावर चर्चा नाही. चर्चा ह्यांना साडेआठऐवजी सहाला उठवण्यावर झाली, आणि ती बरीच झाली.) दोघांत मिळून पाईप एकदाच तापतो. 6:25 पर्यंत टाकी पुन्हा भरते, बटण बंद. मग माडीवर धाकटी आणि मी, बंद गीझरवर. माझी शेवटची, आणि पाणी पुरतं.

सिंकचा गरम नळ बंद केला, हँडलच काढून ठेवलं. तेलकट भांड्यांसाठी दिवसातून एकदा, आंघोळींच्या वेळीच, बादलीभर गरम पाणी खाली काढून ठेवते.

थोरल्याशी तह. शॉवर राहील, पण संध्याकाळी, अजिंक्यताऱ्यावर पळून आल्यावर, आणि 5 मिनिटं. संध्याकाळ का? गच्चीवरच्या टाकीचं पाणी मोजलं: पहाटे 17, दुपारी चारला 25. 41 पर्यंत न्यायला पहाटे 24 अंश लागतात, संध्याकाळी 16. सूर्याने एक तृतीयांश काम आधीच करून ठेवलेलं. गीझर 20 मिनिटं, 35 लिटर, 0.65 युनिट. त्याने अट घातली, अलार्म तो स्वतः लावणार. मान्य.

19 जानेवारी

पाईपवर काळं फोमचं नळकांडं चढवलं, जिथे पाईप भिंतीबाहेर आहे तिथे, 7 मीटर. भिंतीतलं काही करता येत नाही. गरम पाणी वाहून गेल्यावर 20 मिनिटांनी उघडा पाईप 44 अंशांवर आला होता, झाकलेला 53 वर. लागोपाठच्या दोन आंघोळींमध्ये थोडा वेळ गेला तर उपयोग आहे. तीन तासांचं अंतर पडलं तर फोमही हात टेकतो. खरा उपाय पाईप छोटा करणं, तो पुढे घर दुरुस्त करताना.

26 जानेवारी

थर्मोस्टॅट 50 वर आणून चार दिवस पाहिलं. दिवसाला 0.1 चा फरक, आणि टाकीत भांडवल कमी म्हणून माझी आंघोळ कोमट. शिवाय लिजनेला नावाचा जिवाणू कोमट साठवलेल्या पाण्यात वाढतो, 60 च्या आसपास मरतो. घरात 78 वर्षांचं माणूस. पुन्हा 60 वर.

2 फेब्रुवारी

धाकटीने विचारलं, "कोयना धरणावर किती गीझर चालतील?" कोयना आपल्याच जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. मोठी वीजघरं मात्र घाटापलीकडे, कोकणाच्या बाजूला. एकूण क्षमता 1,960 मेगावॅट. 2000 वॅटने भागलं. 9 लाख 80 हजार. ती म्हणाली, "बस एवढेच?"

मी पण पुन्हा भागाकार करून पाहिला. एवढेच. सगळी यंत्रं एकाच वेळी पूर्ण ताकदीने फिरली तरी. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकजवळच्या हिमकणांचा फोटो पेपरात आला की महाराष्ट्रात पहाटे सहाला किती बटणं खाली होत असतील, देव जाणे.

5 फेब्रुवारी

पहाटे गच्चीवरच्या टाकीचं पाणी 18. आठवड्याची सरासरी 3.6. बादल्या 2, थोरला 0.65, पाईप 0.5, भांड्यांचं पाणी 0.3, पाझर 0.15. पाझर आता एवढासा राहिला, कारण गीझर दिवसभर गार बसतो. टाकी तीच, अस्तर तेच, गोधडी नाही.

एक दिवस 5.1 गेला. विचारपूस केली. ह्यांचा मित्र मुक्कामाला होता आणि हे पुन्हा साडेआठला उठले होते.

11 फेब्रुवारी

बिल. 266. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, एवढा खटाटोप करण्यापेक्षा सोलर बसवा. त्यांच्याकडे आहे, आणि त्यांच्या गच्चीवरून आईंच्या मोरीइतकाच लांब पाईप खाली येतो. सकाळी बादलीभर गार पाणी सोडून देतात. मी काही बोलले नाही, पण लोटा मोजायला द्यायला तयार आहे.

2 मार्च

पहाटे गच्चीवरच्या टाकीचं पाणी 23. 41 अंशांच्या बादलीला आता 0.38 युनिट. आई अजून 43 मागतात, बाकीचे आपोआप 38 वर आलेत. सब-मीटर काढून फ्रिजच्या लाइनवर लावायचाय, ह्यांचा संशय अजून गेलेला नाही.

थर्मामीटर उद्या प्रयोगशाळेत परत. त्याच्या टोकाला क्षाराचा पांढरा डाग पडलाय, आज रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवलाय. बंब पुन्हा माळ्यावर गेला. चढवायच्या आधी आईंनी तो पालथा घालून वाळवला, आणि आतल्या नळीवरची काजळी बोटाने काढून मला दाखवली, "हे बघ, ह्याच्यावर पण चढतं काहीतरी."